तू कोण, आणि तुझी पत काय?



मागच्या काही भागांत आपण किल्ले, तोफा आणि लढाया यांवर बोललो. आजचा भाग कागदाचा आहे. फौजेतला माणूस कागदावर का बोलतो, असं काही जण विचारतील. पण फौज जितकी बंदुकीवर चालते तितकीच कागदावर चालते, हे नोकरी केलेल्या कुणालाही विचारा.

पहाऱ्यावरच्या जवानाला अंधारात चाहूल लागली की तो आधी ओरडतो, "थम, कौन आता है?" समोरचा कोण ते कळलं, की मग त्याला पुढे घ्यायचं की तिथंच रोखायचं ते ठरतं. व्यापाराचंही असंच आहे. उधारीवर माल देणारा प्रत्येक जण मनातल्या मनात दोन प्रश्न विचारतो. पहिला, तू कोण? दुसरा, तू पैसे परत करशील का? पहिल्या प्रश्नातून कंपन्यांचे ओळख क्रमांक निघाले. दुसऱ्यातून पतमाहितीचा धंदा निघाला. या दोन प्रश्नांची उत्तरं गेल्या दोनशे वर्षांत कोणी लिहिली, कुठं लिहिली आणि ज्याच्याविषयी लिहिली त्याला ती वाचायला मिळाली का, हा आजचा विषय.

ओळखीवर चालणारी पत

मी राहतो जबलपुरात. इथं मराठी माणूस कसा आला हे पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना थोडक्यात सांगतो. १७८१ साली गढा-मंडल्याचं गोंड राज्य सागरच्या मराठी सरकारात गेलं. १७९८ मध्ये नर्मदेचं खोरं नागपूरकर भोसल्यांकडे आलं आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतलं. सत्ता दोन-तीनदा बदलली, पण पेढ्या चालू राहिल्या. याचं कारण म्हणजे हुंडी.

हुंडी म्हणजे एका पेढीनं दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी, की या माणसाला इतके रुपये द्या. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदतीची हुंडी ठरलेल्या दिवसांनी वटे. शहाजोग नावाचा एक प्रकार होता. त्यात पैसे कुणाही वाटसरूला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या 'शहा'मार्फतच ती हुंडी वटवावी लागे. म्हणजे ओळख पटवण्याचं काम बाजारातल्या प्रतिष्ठित माणसावर सोपवलेलं होतं. नंबर नव्हता, शिक्का नव्हता. होती ती फक्त ओळख.

आणि पत गेली की काय? 'दिवाळं निघालं' हा शब्द आपण रोज वापरतो. बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे आणि गावाला कळे की याच्याकडून आता येणं नाही, अशी प्रथा सांगितली जाते. पतमाहिती प्रसिद्ध करण्याची याहून स्वस्त पद्धत मला तरी माहीत नाही. एक दिवा, आणि सगळ्या बाजाराला बातमी!

ही व्यवस्था चांगली होती का? पेढीवाल्यांच्या आपापसात फार चांगली होती. जबलपूरच्या राजा गोकुळदासांची पेढी मध्य प्रांतात नावाजलेली होती. हिंदीचे कैवारी आणि खासदार सेठ गोविंददास हे त्यांचे नातू. अशा घराण्याच्या शब्दावर दूरदूरच्या गावांत रोख रक्कम मिळे. पण ज्याला कुणी ओळखत नाही, त्या माणसाला या व्यवस्थेत जागाच नव्हती. त्याला मिळायचा गावचा सावकार, सावकार सांगेल त्या अटींवर.

याच जबलपुरात १८३० च्या दशकात स्लीमन बसला होता. त्याचं नाव आपण ठगांच्या बंदोबस्तासाठी ऐकतो. ठगांची आवडती शिकार कोण, तर सावकारी पेढ्यांचा पैसा वाहून नेणारे लोक. स्लीमननं काय केलं? माफीचे साक्षीदार तयार केले, त्यांच्याकडून नावं घेतली, ठगांच्या घराण्यांचे वंशवृक्ष मांडले आणि ठिकठिकाणचे जबाब एकमेकांशी ताडून पाहिले. खबऱ्यांचं जाळं आणि मध्यवर्ती दप्तर, ही त्याची पद्धत. हे लक्षात ठेवा, कारण लवकरच हीच पद्धत न्यूयॉर्कमध्ये रेशीम विकणारा एक माणूस वापरणार आहे. आणि या पद्धतीची वाईट बाजूही इथंच दिसते. पुढे १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला. माणसानं काय केलं हे न बघता तो कुठल्या घरात जन्मला ते दप्तरात लिहिलं, की असं होतं.

सुप्याचे कागद

आता आपण पुणे जिल्ह्यात जाऊ. १२ मे १८७५, भीमथडी तालुक्यातलं सुपे गाव. शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. आपल्याला शाळेत हे 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकवलं गेलं. पण त्या जमावाला हवं काय होतं ते नीट पाहा. लोकांना हवे होते कर्जरोखे. रोखे मिळाले तिथं त्यांची होळी झाली. जिथं सावकारानं मुकाट्यानं कागद बाहेर काढून दिले, तिथं बहुतेक ठिकाणी पुढे मारहाण झाली नाही.

ही वेळ का आली? अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि तिकडचा कापूस लँकेशायरला जाईना. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारानं हात सैल सोडला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, वर सरकारनं शेतसारा वाढवलेला. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत लावायचं बंधन आलं. हा कायदा कुळाच्या भल्यासाठी असेल. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार जुनं मुद्दल अधिक व्याज मिळून नव्या रकमेचा नवा रोखा करून घेऊ लागला. शेतकऱ्यानं अंगठा उठवायचा. कागदावर किती लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही, आणि नक्कल त्याच्याकडे नाही. दावा लागला की तो कोर्टात हजर होत नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई.

म्हणजे त्याची पत त्याच्याच विषयीच्या कागदांत होती. कागद होते दुसऱ्याच्या पेटीत. सुप्याला लोकांनी ती पेटी फोडली.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यातल्या तीन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक, शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, म्हणजे त्यात काय लिहिलंय ते तिसऱ्या माणसाच्या समक्ष ठरेल. दोन, भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितलं तर खातेपुस्तक मिळणं हा शेतकऱ्याचा हक्क. तीन, न्यायाधीशानं नुसत्या रोख्यावर न जाता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा.

या कायद्यातून पळवाटा निघाल्या, तो पुरा पडला नाही, हे खरं. पण कर्जदाराविषयीच्या नोंदीची प्रत कर्जदाराकडे असावी हा विचार आपल्याकडे १८७९ सालीच कायद्यात आला होता. पुढची गोष्ट ऐकताना हे साल डोक्यात ठेवा.

रेशीमवाल्याचं दप्तर

लुईस टॅपन हा न्यूयॉर्कचा व्यापारी. गुलामगिरीविरुद्ध लढणारा, धार्मिक वृत्तीचा. भावाबरोबर त्याचा रेशमाचा व्यापार होता. १८३७ च्या मंदीत तो गोत्यात आला, कारण उधारी गावोगाव पसरलेली आणि कोणता दुकानदार तगेल नि कोणता बुडेल याचा पत्ता नाही. १८४१ मध्ये त्यानं मर्कंटाइल एजन्सी काढली. गावोगावचे वकील त्याला खबर लिहून पाठवत. अमका दुकानदार दारू पितो का, बायकोच्या नावावर घर आहे का, मागचं देणं फेडलं का. या बातम्या मोठ्या वह्यांत उतरवल्या जात. वर्गणी भरणारा व्यापारी कचेरीत आला की त्याला नोंद वाचून दाखवत. लेखी काही देत नसत. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला अब्राहम लिंकन हाही या एजन्सीचा एक वार्ताहर होता.

१८५९ मध्ये ही एजन्सी रॉबर्ट डन याच्या हाती आली. तिकडे जॉन ब्रॅडस्ट्रीटनं १८५७ मध्ये पतमानांकनाचं छापील पुस्तक काढलं. १९३३ च्या महामंदीत दोन्ही प्रतिस्पर्धी एक झाले आणि 'डन अँड ब्रॅडस्ट्रीट' हे नाव तयार झालं. जुन्या वह्या आज हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत, अडीच हजारांहून जास्त खंड.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना या वह्या म्हणजे खजिना. पण त्या वाचणाऱ्या अभ्यासकांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे. दुकानदार ज्यू असला की तसं मुद्दाम लिहिलेलं असे, आणि त्याच्या व्यवहारापेक्षा त्याच्या जातीवर शेरा असे. स्लीमनच्या काळाविषयी मी मघाशी जे म्हटलं ते इथंही लागू आहे.

आणि चूक झाली तर? ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावच्या बिअर्ड्स्ली नावाच्या व्यापाऱ्याला कळलं की टॅपनच्या वहीत त्याच्या घरगुती भांडणाविषयी आणि धंद्याविषयी भलतंच लिहिलं आहे. त्यामुळे त्याला माल मिळेना. त्यानं दावा लावला. ज्युरीनं दहा हजार डॉलर भरपाई ठरवली, पण वर्षानुवर्षं खटला चालून शेवटी वरच्या न्यायालयात तो निर्णय उलटला. आपल्याविषयी काय लिहिलंय ते बघण्याचा कायदेशीर हक्क अमेरिकेतल्या सामान्य ग्राहकाला १९७० च्या कायद्यानं मिळाला. सुप्याच्या शेतकऱ्याला खातेपुस्तक १८७९ साली. मी यात फुशारकी मारत नाही. आपल्याकडे तो हक्क दंगा झाल्यावर मिळाला, एवढंच.

नावाचा घोळ, नंबराचा उपाय

आता पहिला प्रश्न, तू कोण?

गावात एकच 'गणेश किराणा' असेल तोवर नावानं भागतं. शंभर झाले की भागत नाही. हिंदुस्थानात कंपन्यांची नोंदणी १८५० च्या कायद्यानं सुरू झाली, मर्यादित जबाबदारी १८५७ ला आली. सुप्याचा शेतकरी ज्या कापसाच्या तेजीत कर्जात उतरला, त्याच तेजीत मुंबईत कंपन्यांचं पीक आलं. बॅक बे भरावाच्या कंपनीचे शेअर म्हणजे तेव्हाची लॉटरी. १८६५ ला भाव कोसळला आणि कितीतरी कंपन्यांची गत 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' अशी निघाली. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यातून सावरली नाही. एकाच तेजीनं मुंबईत शेअरवाले बुडवले आणि सुप्यात शेतकरी. दोन्हीकडे कागद खोटा किंवा अपुरा होता.

आज आपल्याकडे प्रत्येक कंपनीला एकवीस अक्षर-अंकी ओळख क्रमांक असतो. टाटा स्टीलचा वाचून दाखवतो: एल २७१०० एमएच १९०७ पीएलसी ०००२६०. 'एल' म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, नसेल तर 'यू'. पाच अंक उद्योगाचे. 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र. मग स्थापनेचं साल. 'पीएलसी' म्हणजे सार्वजनिक मर्यादित कंपनी, आणि शेवटी नोंदणी क्रमांक. कंपनीचं नाव २००५ मध्ये टाटा आयर्न अँड स्टीलचं टाटा स्टील झालं, पण १९०७ हे साल क्रमांकात तसंच आहे. पुण्याच्या मंडळींसाठी एक गंमत: पुण्याला कंपनी निबंधकाचं वेगळं कार्यालय असल्यामुळे तिथल्या भारत फोर्जसारख्या कंपन्यांच्या क्रमांकात राज्याच्या जागी 'पीएन' दिसतं. पुणं हे वेगळं राज्य आहे, असं पुणेकर म्हणतात ते कागदोपत्री खरं आहे!

आमच्या जबलपूरची गंमत वेगळी. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. एवढी वर्षं तो सरकारचा कारखाना होता, त्यामुळे त्याला कंपनीचा क्रमांक असण्याचं कारणच नव्हतं. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातले सगळे आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या कंपनीत गेली, वाहनांचा कारखाना चेन्नईजवळच्या आवडीच्या कंपनीत, आणि खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियात. शंभर वर्षांहून जुने कारखाने कागदावर २०२१ मध्ये जन्मलेल्या कंपन्यांचे भाग झाले. कारखान्याचं वय आणि कंपनीचं वय यांत गल्लत करू नका, हे माल पुरवणाऱ्या लहान उद्योजकांना मी नेहमी सांगतो.

फौजेत हा प्रश्न फार आधी सुटला आहे. अधिकाऱ्याच्या क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर असतं. ते अक्षर आधीच्या अंकांवरून हिशेबानं निघतं. कारकुनानं एक अंक चुकवला की अक्षर जुळत नाही आणि चूक तिथंच पकडली जाते. दुसऱ्याचा पगार माझ्या खात्यात येण्याचं सुख त्यामुळे मला कधी मिळालं नाही. जीएसटीच्या पंधरा अक्षर-अंकी क्रमांकातलं शेवटचं अक्षर हेच काम करतं. त्या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. आणि पॅनचं चौथं अक्षर पाहा: 'पी' असेल तर तो माणूस आहे, 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी. समोरचा 'आमची मोठी कंपनी आहे' म्हणत असेल आणि चौथं अक्षर 'पी' असेल, तर कंपनी म्हणजे तो स्वतःच.

डन अँड ब्रॅडस्ट्रीटनं १९६० च्या दशकात नऊ अंकी क्रमांक काढला. त्याला डन्स नंबर म्हणतात. तो जगभर इतका रुळला की अमेरिकी सरकारनं वर्षानुवर्षं आपल्या कंत्राटदारांसाठी तोच वापरला. एप्रिल २०२२ मध्ये मात्र त्यांनी स्वतःचा बारा अक्षर-अंकी क्रमांक आणला. सरकारी कामासाठी खासगी कंपनीच्या मालकीचा नंबर का वापरायचा, हा प्रश्न त्यामागे होताच.

मधल्या काळात १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली. तिच्या पोटात हजारो उपकंपन्या. जगातल्या बँकांना आपले नक्की किती पैसे लेहमनकडे अडकलेत हे पटकन सांगता येईना, कारण प्रत्येकाच्या वहीत तिची वेगवेगळी नावं. त्या धड्यातून जी-२० देशांनी वीस अक्षर-अंकी 'लीगल एंटिटी आयडेंटिफायर' उभा केला. त्याची जागतिक संस्था २०१४ मध्ये स्थापन झाली, बासेलला. आपल्याकडे तो क्रमांक क्लिअरिंग कॉर्पोरेशनची उपकंपनी देते. रिझर्व्ह बँकेनं २०१७ पासून तो आधी मोठ्या कर्जदारांना सक्तीचा केला आणि मग टप्प्याटप्प्यानं मर्यादा ५ कोटींपर्यंत खाली आणली. कंपनीचा एकवीस अंकी क्रमांक राज्य किंवा धंदा बदलला तर बदलतो, हा वीस अंकी बदलत नाही. जवान सुभेदारीच्या वाटेवर नायब सुभेदार झाला की त्याला नवा क्रमांक मिळतो, पण अधिकाऱ्याचा क्रमांक कॅप्टनचा जनरल झाला तरी तोच राहतो. तसंच हे.

कुंडमला काय पोचलं?

आता एवढा इतिहास सांगून मी तुम्हाला कुंडमला नेतो. जबलपूर जिल्ह्यातला हा आदिवासी तालुका, डिंडोरीच्या रस्त्यावर. हिरण नदीचा उगम याच परिसरातला. वस्ती मुख्यतः गोंड. कोदो, कुटकी, मोहाची फुलं. निवृत्तीनंतर मी तिकडे बऱ्याचदा जातो, कारण भरड धान्याला आता शहरात भाव आहे आणि तिथल्या लोकांना कागदपत्रांत मदत लागते. त्यातला एक माझा परिचित, कोदो सडायची छोटी गिरणी चालवतो. नाव सांगत नाही.

त्यानं यंत्रासाठी कर्ज मागितलं. एका बँकेनं नाकारलं. कारण तोंडी सांगितलं, 'सिबिल खराब आहे.' हा माणूस आयुष्यात एकदाच कर्ज घेऊन वेळेआधी फेडलेला! त्याचा पतअहवाल आम्ही मागवला. त्यात एका मोटारसायकलचं थकीत कर्ज होतं, जे त्यानं कधी घेतलंच नव्हतं. त्याच्याच नावाचा, त्याच्याच आडनावाचा दुसरा माणूस शेजारच्या गावात होता. मरावी, धुर्वे, उइके, परते, मरकाम अशी मोजकीच आडनावं, गावात एकाच नावाचे चार जण, जन्मतारीख बहुतेकांची १ जानेवारी, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

इथं तुम्हाला टॅपनच्या वहीतला बिअर्ड्स्ली आठवला पाहिजे. फरक एवढाच, की या माणसाकडे दावा लावायला वकील नाही आणि उद्या पेरणी आहे.

आपल्या पतमाहितीचं मूळही तिथंच जातं. सिबिल २००० मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापक भागधारकांत स्टेट बँक आणि एचडीएफसी यांच्याबरोबर डन अँड ब्रॅडस्ट्रीट आणि ट्रान्सयुनियन होत्या. व्यापारी कर्जांची माहिती तिनं २००६ पासून द्यायला सुरुवात केली. २००५ चा पतमाहिती कंपन्यांचा कायदा हा तिचा पाया. आज अशा चार कंपन्या आहेत. माणसाला ३०० ते ९०० मधले गुण आणि लघुउद्योगाला १ ते १० मधला क्रम. गुणांत जास्त चांगलं, क्रमात १ चांगला. हा उलटा हिशेब पुष्कळांना माहीत नसतो.

पण गिरणीवाल्याची अडचण गुणांच्याही आधीची आहे. त्याचा धंदा एकट्याच्या मालकीचा. त्याला कंपनीचा क्रमांक नाही. उलाढाल जीएसटीच्या मर्यादेखाली, म्हणून तोही क्रमांक नाही. धंदा आणि माणूस एकाच पॅनवर. त्यामुळे मेहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिला तर त्याचा डागही गिरणीवर. आणि जो सगळा व्यवहार रोखीनं आणि आठवडी बाजाराच्या ओळखीवर करतो, त्या त्याच्या शेजाऱ्याची तर नोंदच नाही. चांगलीही नाही, वाईटही नाही. बँकेच्या पहारेकऱ्यानं 'कौन आता है' विचारलं, तर अंधारातून उत्तरच येत नाही. ज्याच्याकडून उत्तर येत नाही त्याला आत घेत नाहीत. शहाजोग हुंडीच्या काळातही त्याला जागा नव्हती, आजही नाही.

याला उत्तर म्हणून २००२ मध्ये कंपनी कायद्यात उत्पादक कंपनी आली. शेतकरी भागधारक, आणि कंपनीला स्वतःचा क्रमांक, स्वतःचा पॅन, स्वतःची पत. नाशिकच्या सह्याद्री फार्म्सनं महाराष्ट्रात हे करून दाखवलं. कुंडमसारख्या ठिकाणी हे सोपं नाही, कारण कंपनी काढली की दरवर्षी हिशेब आणि विवरणपत्र भरावं लागतं. ते चुकलं की दंड लागतो, आणि कंपनीच्या नावे थकबाकी दिसू लागते. कागद दोन्ही बाजूंनी कापतो. जोवर तो सांभाळणारं माणूस गावात नाही, तोवर घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गिरणीवाल्याचं पुढे काय झालं? आम्ही पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार केली, आधार आणि पॅनच्या प्रती जोडल्या. चुकीची नोंद निघाली. पण त्याला वेळ लागला, आणि तो हंगाम हातचा गेला. यंत्र पुढच्या वर्षी आलं.

तुम्ही काय करायचं

माझे व्याख्यान ऐकणारे बरेच जण लहान व्यावसायिक आहेत, इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथं असाल तिथं. म्हणून शेवटी कामाचं सांगतो.

पहिलं, वर्षातून एकदा चारही कंपन्यांकडून स्वतःचा पूर्ण पतअहवाल मोफत मिळतो. रिझर्व्ह बँकेनं २०१७ पासून हे बंधनकारक केलं आहे. कर्जाची गरज नसताना मागवा. गरज पडल्यावर मागवाल तर दुरुस्तीला वेळ उरणार नाही.

दुसरं, नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा आणि तक्रारीची तारीख जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तिथंही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. २०२२ पासून पतमाहिती कंपन्या त्याच्या कक्षेत आहेत.

तिसरं, सगळ्या कागदांवर नाव एकाच स्पेलिंगमध्ये ठेवा. क्षुल्लक वाटतं, पण अर्धे घोळ तिथेच होतात.

चौथं, उधारीवर माल देण्याआधी समोरच्याचा क्रमांक तपासा. कंपनीच्या पत्रावर तिचा ओळख क्रमांक छापणं २०१३ च्या कायद्यानं सक्तीचं आहे. नसेल तर विचारा. लाजू नका. पहारेकरी लाजला तर छावणीचं काय होईल?

आणि पाचवं, जामीन राहण्याआधी दोनदा विचार करा. मेहुण्याला नाही म्हणणं अवघड असतं, मला मान्य आहे. पण जामिनाची नोंदही तुमच्याच अहवालात येते.

१८७५ मध्ये सुप्याच्या लोकांना आपले कागद पाहण्यासाठी सावकाराची पेटी फोडावी लागली. आज ते कागद मागितले की मिळतात. अडचण एवढीच आहे, की फार थोडे लोक मागतात. हा भाग ऐकून तुमच्यातल्या दहा जणांनी जरी आज अहवाल मागवला, तरी माझी आजची हजेरी कामी आली असं मी समजेन.

जय हिंद.